चंद्रीच्या नावचा दोरा

गुरुवारी लातूरहून जुन्या बोरतळवाडीला जाणाऱ्या जीपमध्ये बसायला जागा मिळणं, हाच खरं तर त्या ठिकाणचा एकमेव चमत्कार होता. बाकी जे चमत्कार म्हणून खपत होतं, ते काटेरी कुंपणावर लटकलेलं होतं आणि शे-दोनशे माणसं त्याच्यापुढे हात जोडून उभी होती.

गाव भूकंपात पडलं त्याला दहा वर्षं होत आली होती. वाचलेली माणसं रस्त्यापलीकडच्या सरकारी घरांत राहायला गेली. जुन्या गावठाणात उरले दगडांचे ढीग, बाभळी, घाणेरी आणि पावसाळ्यात त्या सगळ्यावर चढणाऱ्या वेली. त्यातलीच एक वेल धरणीनाथ महाराजांना "दिसली". तिची फुलं उलटी. पाकळ्या वर वळलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. उमलतात तेव्हा हिरवट पिवळी, आणि पुढच्या गुरुवारी येऊन पाहावं तर लालभडक.

भूकंप गुरुवारी पहाटे झाला होता, म्हणून वार गुरुवार. महाराजांचं नियोजन असं चोख होतं.

"बालकांनो!" महाराजांच्या हातात माइक होता आणि गळ्यात त्याच फुलांची माळ. "धरणीमातेनं गाव पोटात घेतलं. आता त्याच पोटातून ती ज्ञानज्वाला बाहेर फेकून राहिली आहे! पिवळ्या फुलाला दोरा बांधा. लेकराचं नाव घ्या. फूल लाल झालं की समजा, सीट पक्की! फिजिक्स, केमिस्ट्री, बायलॉजी, तिन्ही विषय मातेच्या पदरात!"

"आणि मॅथ्स, महाराज?" गर्दीतून एका बापाने विचारलं. त्याचा मुलगा इंजिनिअरिंगच्या रांगेतला असावा.

"मॅथ्सला वेगळा दोरा."

बापाने मान डोलावली. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. लातुरात मॅथ्सला क्लासही वेगळाच लावावा लागतो.

हे सगळं कुसुम जरा बाजूला उभी राहून ऐकत होती. ती लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत असे आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून माळरानं तुडवत असे. औसा, निलंगा, कंधारचा किल्ला, पार इस्लापूरच्या धबधब्याकडचं जंगल, जिथे एसटी जाईल तिथे ती जाई आणि रानफुलांचे फोटो काढून आणी. एका फुलाचे किमान चार: समोरून, मागून, पानाचा आणि अख्ख्या झाडाचा. फोटो स्टुडिओवाला रोल धुताना दर वेळी कुरकुरायचा, "मॅडम, लग्नात मी असं केलं तर नवरी एका फोटोत आणि बाकी सगळ्या चपलाच येतील." कुसुम म्हणायची, "नवरी मेकअपने ओळखू येत नाही. चपला खऱ्या असतात."

आज मात्र ती वहिनीच्या आग्रहाने आली होती. वहिनी म्हणजे देविका, मोठ्या भावाची, रेणुकादासची बायको. त्यांची मुलगी ऋतुजा बारावीनंतर सीईटीला दुसऱ्यांदा बसणार होती. गेल्या गुरुवारी देविकाने तिच्या नावाने दोरा बांधला होता, आणि आज ते फूल कुंकवासारखं लाल झालं होतं.

"काढा हो फोटो, कुसुमताई," देविकाचे डोळे भरून आले होते. "नीट काढा. देवघरात लावायचाय."

कुसुमने फोटो काढला. फुलाचा, मग सवयीने मागच्या बाजूचा, मग पानाचा. तिला हसू येत होतं, पण तिने ते कॅमेऱ्यामागे ठेवलं. कळलावी. पावसाळ्यात निम्म्या मराठवाड्याच्या कुंपणांवर फुलते. पिवळी उमलते आणि वय झालं की लाल होते. तिला दोरा बांधा, साखळदंड बांधा, नाहीतर काहीच बांधू नका.

या धंद्यातली खरी हुशारी कुसुमला आता कळली. ज्याची कधीच चूक होत नाही अशा फुलावर महाराजांनी दुकान टाकलं होतं. दर दोरा यशस्वी! एखादं फूल किड्याने खाल्लं तर बांधणाऱ्याच्या "मनात किंतु होता", नवा दोरा घ्या. आणि गेल्या वर्षी लाल फूल होऊनही ज्यांची पोरं नापास झाली, ते तक्रार घेऊन आले तेव्हा महाराज म्हणाले होते, "फूल पिकलं. पोरगं पिकलं नाही. माता काय करणार?"

इथपर्यंत करमणूक होती. पण मग महाराजांच्या शिष्याने टोपलीतून त्याच वेलीचा एक कंद काढून वर धरला. मातीने माखलेला, नांगराच्या फाळासारखा वाकलेला.

"भूमातेचा नांगर!" महाराज गरजले. "दसऱ्याच्या दिवशी हा कंद दुधात उगाळून प्रत्येक विद्यार्थ्याला प्रसाद! ज्याच्या पोटात नांगर फिरला, त्याच्या बुद्धीचं शेत कायमचं नांगरलं गेलं समजा!"

कुसुमचं हसू जागच्या जागी गोठलं. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"महाराज, हा कंद विषारी आहे. रताळं समजून खाल्लं आणि माणसं गेली, असं घडलेलं आहे."

महाराज मात्र प्रेमळ हसले. अशा बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या.

"ताई, विष कशात असतं? भावनेत! मीरेनं काय प्यालं होतं?"

"मीरेला सीईटी द्यायची नव्हती."

कोणीतरी फिसकन हसलं, पण लगेच पाच-सहा आवाज उठले. "ओ मॅडम, सरका तिकडं!" "नास्तिक लोकं कायले येतात इथं?" रेणुकादासने येऊन बहिणीचा हात धरला. पाटबंधारे खात्यात त्याची हयात गेली होती, आणि चारचौघांत तोंड न उघडणं हे त्याचं प्रमुख कौशल्य होतं.

"कुसुम, इथं नको. घरी बोलू."

घरी बोलणं झालं. कुसुमने आपल्या फोटोंचा अल्बमच आणला आणि टेबलावर एकेक फोटो मांडला. इस्लापूरच्या जंगलातली तीच वेल. एकाच फुलाचे लागोपाठच्या दिवसांचे फोटो; एका वर्षी ती तिथे मैत्रिणीकडे मुक्कामाला होती. आधी पिवळं, मग केशरी, मग लाल.

"इथे महाराज नव्हते, दोरा नव्हता आणि कुणाची सीईटीही नव्हती," कुसुम म्हणाली. "तरी फूल लाल झालंच की, वहिनी."

"तिथं धबधबा हाय, तीर्थ हाय. देवाचीच जागा ती," देविका म्हणाली.

"आणि परभणीच्या बसस्टँडमागे फुलते तिथे कोणता देव आहे?"

ऋतुजा फोटो हातात घेऊन बघत होती. फुलाचा नव्हे, पानाचा. पानाचं टोक लांब होऊन शेवटी स्प्रिंगसारखं वळलं होतं आणि शेजारच्या काटकीला गच्च धरून बसलं होतं.

"आत्या... हे लीफ-टिप टेंड्रिल ना?"

"हं. उदाहरण?"

"ग्लोरिओसा." तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं आणि मग स्वतःच चपापली. "म्हणजे हीच का ती? हे तर मी शंभरदा टिक केलंय!"

"तू काय, त्या कुंपणापुढे हात जोडून उभं असलेलं प्रत्येक पोरगं टिक करतं. पेपरात आली तर मार्क, कुंपणावर आली तर देवी."

ऋतुजा हसली. देविका हसली नाही. ती फोटो गोळा करून अल्बममध्ये घालायला लागली, फार सावकाश.

"कुसुमताई, तुमच्याकडं एवढे फोटो. गवताचेसुद्धा. माझ्याकडं माझ्या आईचा एक नाही." तिचं माहेर जुन्या बोरतळवाडीचं होतं. त्या पहाटे घर पडलं, आई त्याच्याखाली गेली, आणि घरातल्या ट्रंकेतला एकुलता एक फोटोही. "ती वेल आमच्या घराच्या ढिगावर चढलीय. माझ्या आईच्या अंगावर. मी कसं म्हणू तिच्यात काही नाही?"

यावर कुसुमकडे फोटो नव्हता.

निघताना ऋतुजा फाटकापर्यंत आली.

"आत्या, मला माहितेय ते विष आहे. पण मी पिणार. थोडंसं. जिभेवर ठेवून थुंकीन हवं तर."

"वेडी झालीस का गं?"

"तू घरात राहत नाहीस आमच्या. दसऱ्याला नाही प्यायले आणि नंबर नाही लागला, तर आई आयुष्यभर म्हणणार, त्या दिवशी ते दूध प्यायली असती तर! मला ते दूध परवडेल, ते वाक्य नाही परवडणार."

कुसुमला रात्री झोप लागली नाही. पोरगी मूर्ख नव्हती. हिशेबाने विष प्यायला निघाली होती, हेच भयंकर होतं. तिला कितीही समजावलं तरी उपयोग नव्हता. मोडायचा होता तो चमत्कार, आणि तोही सगळ्यांसमोर, देविकासमोर.

रविवारी ती एकटीच बोरतळवाडीला गेली. भग्न गावठाणाच्या तोंडाशी ग्यानोबाचं हॉटेल होतं. चार पत्रे, दोन बाकडी. महाराज येण्याआधी ग्यानोबा शेळ्या वळायचा. आता भजी तळायचा. शेळ्या अजून होत्या. त्यातली एक, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, कुसुमची पिशवी हुंगत होती.

"नाव काय हिचं, काका?"

"चंद्री. लई आगाव हाय. पिशवी वर धरा, मॅडम."

कुसुम कुंपणाकडे गेली. शिष्य दोरे विकत होता, महाराज आरामखुर्चीत होते. तिने दोरा घेतला. महाराजांनी तिला ओळखलं आणि विजयी चेहरा केला. नास्तिक शरण आली होती.

"नाव बोला."

"चंद्री."

"कितवीत?"

"शाळेत नाही घातली अजून. पण झाडपाल्याचा नाद लई. दिवसभर तोंड पानातच."

"वा! वनस्पतीशास्त्र!" महाराजांनी डोळे मिटले. "कन्येच्या मस्तकावर तेज दिसतंय."

"पांढरा ठिपका आहे खरा."

"तोच! बांधा. हिला डॉक्टर करूनच माता थांबणार."

कुसुमने नुकत्याच उमललेल्या पिवळ्या फुलाला दोरा बांधला आणि फोटो काढला. मग आठवडाभर ती सकाळच्या एसटीने येत राहिली, तेच फूल, त्याच बाजूने. फूल आपल्या ठरल्या मार्गाने निघालं होतं. पिवळं, केशरी, लाल. चंद्री तिकडे खुंट्याला बांधलेली. कुसुमच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ग्यानोबाच्या शेळ्या सगळं गावठाण चरत, पण कुंपणाची ती बाजू आली की ग्यानोबा दगड उचलून हाड्-हाड् करत त्यांना परतवायचा. तिने कारण विचारलं नाही. कारण तिला माहीत होतं. ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं.

दसऱ्याला माणूस मावत नव्हता. एका क्लासने तर आपली अख्खी बॅच बसने पाठवली होती; बाहेर फलक होता, "शिक्षण आमचं, आशीर्वाद मातेचा." मोठ्या पातेल्यात दूध होतं. शेजारी सहाणेवर कंद उगाळून पांढरट लगदा करून ठेवला होता. स्टीलचे पेले मांडले होते. ऋतुजा पहिल्या रांगेत होती, आईने तिचा हात घट्ट धरला होता.

"कुणाच्या दोऱ्याचा पहिला मान, महाराज?" शिष्याने पढवलेला प्रश्न विचारला.

"माझ्या चंद्रीचा!" कुसुमचा आवाज गर्दीवरून आला. "आपणच म्हणालात, माता तिला डॉक्टर केल्याशिवाय थांबणार नाही. फूल पाहा, लाल झालंय."

महाराजांना शरण आलेली नास्तिक सर्वांना दाखवायचीच होती. ते उठले, त्यांनी फूल दोऱ्यासकट धरलं. "पाहा! ज्या बाईनं मातेला विष म्हटलं, तिच्याही लेकीवर माता प्रसन्न! आणा त्या कन्येला. पहिला पेला तिचा!"

कुसुम हॉटेलकडे गेली आणि दाव्याला धरून चंद्रीला घेऊन आली.

आधी कुणाला कळेना. मग पुढच्या रांगेतली पोरं हसायला लागली. हसू मागे मागे पसरत गेलं, आणि अख्खं गावठाण खदखदलं. "बकरी एमबीबीएस!" कोणीतरी ओरडलं.

महाराज क्षणभरच डगमगले. माइकवर पोट भरणारा माणूस असा सहज पडत नाही.

"हसू नका! मातेला सगळी लेकरं सारखी! मुक्या जिवावरही तिची कृपा झाली, हा तर दुप्पट चमत्कार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणांनी शेळीला नमस्कारही केला. कुसुमला हे अपेक्षितच होतं. महाराज हरणार नाहीत, हे ती घरी टेबलावरच शिकली होती.

"बरोबर बोललात," ती म्हणाली. "मग पाजा तिला. पहिला पेला तुम्ही तिलाच दिलाय."

शिष्याने पेल्यात लगदा कालवला, दूध ओतलं आणि शेळीपुढे धरला. चंद्रीने उत्सुकतेने मान पुढे केली.

तेवढ्यात झारा हातात घेऊन ग्यानोबा गर्दी फोडत धावत आला.

"आवं, आवं, काय करून राहिले! मरंल की माझी शेळी!"

त्याने झाऱ्यानेच पेला उडवला. दूध दगडांवर सांडलं. टाळ्या थांबल्या.

देविकाने ऋतुजाचा हात सोडला. ग्यानोबा तिच्या माहेरचा, लहानपणापासून ओळखीचा.

"ग्यानबाकाका. मरंल म्हंजे?"

ग्यानोबा महाराजांकडे बघू लागला, मग जमिनीकडे. "न्हाई, म्हंजे... जनावराला सोसत न्हाई ते, बाई."

"का सोसत नाही?"

"कळलावी हाय ती. आमी शेळ्या जाऊ देत न्हाई तिकडं."

"शेळ्या जाऊ देत न्हाई." देविकाने ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग तिचा आवाज चढला. "आन् आमच्या पोरी?"

ग्यानोबाचा झारा हातातच राहिला. "मला वाटलं... महाराजानं काही मंत्र-बिंत्र मारला असंल त्याच्यावर. आन् बाई, इकडं हॉटेल बरं चालून राहिलं व्हतं..."

ऋतुजा पुढे आली. तिने कुंपणावरचं एक पान खुडून वर धरलं, टोकाची स्प्रिंग सगळ्यांना दिसेल असं. बॅचच्या पोरांकडे वळून तिने क्लासच्या सरांच्या सुरात विचारलं, "लीफ-टिप टेंड्रिल. उदाहरण?"

"ग्लोरिओसा!" सवयीने सगळी बॅच एका आवाजात ओरडली. आणि मग हळूहळू त्या सगळ्या माना वेलीकडे वळल्या.

"महाराज, तुम्ही घ्या की मग," मागून एक शांत आवाज आला. लोकांनी वळून पाहिलं, तर रेणुकादास. "भावना तुमची पक्की आहे. एक पेला घ्या, सगळ्यांचा विश्वास बसेल."

"आज... आज माझा उपवास आहे."

"दूध चालतं उपवासाला," रेणुकादास म्हणाला.

महाराजांनी डोळे मिटून समाधी लावली. समाधी फार वेळ टिकली नाही. लोक पातेल्याभोवती जमायला लागले तशी ती जीपच्या दिशेने सरकली, आणि जीप निघाली तेव्हा शिष्य अर्धा बाहेरच होता. पातेलं देविकाने स्वतः उपडं केलं. कुसुमने सगळा लगदा खोल खड्ड्यात पुरून घेतला आणि हात लावलेल्या प्रत्येकाला साबणाने हात धुवायला लावले. ग्यानोबाने त्यासाठी आपली साबणाची वडी दिली, हे त्याच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

मग कुसुमने चंद्रीच्या फुलाचे फोटो लोकांत फिरवले. शेजारी इस्लापूरचे. ती एवढंच म्हणाली, "दोऱ्याचं फूल आणि बिनदोऱ्याचं फूल, यात फरक शोधून दाखवा." लोकांनी फोटो आलटून पालटून पाहिले. ज्यांना फरक सापडला नाही ते गप्प राहिले, आणि ज्यांना दोऱ्याचे पैसे आठवले ते बोलायला लागले.

गर्दी पांगल्यावर देविका त्या ढिगाऱ्यापाशी उभी होती. खाली उंबऱ्याचा दगड अजून जागेवर होता.

"कुसुमताई, रोल शिल्लक आहे का?"

"आहे एक फोटो."

"मग याचा काढा. उंबऱ्याचा. आई इथं बसून शेंगा निवडायची." ती थांबली. "वेल बाजूला करून काढा."

कुसुमने काढला. आज देविकाच्या देवघरात तो आहे. फुलाचा फोटो नाही.

ऋतुजाचा नंबर लागला की नाही, हे मुद्दामच सांगत नाही. लागला म्हटलं तर कोणी दोऱ्याला श्रेय देईल, नाही म्हटलं तर सांडलेल्या दुधाला दोष. फूल त्याच्या वयाने लाल होतं. पेपर अभ्यासाने सुटतो, कधीकधी अभ्यास करूनही सुटत नाही, आणि त्या दुःखावर कुठल्याही कुंपणावर औषध उगवत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुमच्या लेकरासाठी पेला पुढे केला, तर श्रद्धा-अश्रद्धेचा मोठा वाद घालत बसू नका. आपल्या शेळीला हा पाजला असता का, एवढंच स्वतःला विचारा.

चंद्री डॉक्टर झाली नाही. पण ती जगली, कारण तिच्या मालकाने तिच्या बाबतीत एवढी अक्कल वापरली. आपल्या पोरांच्या वाट्याला निदान तेवढी तरी यावी.